राजा कण्ह, वर्ष तिसरे

ब्राह्मी लिपी शिकायला फार सोपी आहे. माझ्यासारख्या माणसाला तिच्यापासून जो काही धोका आहे तो एवढाच. अवघड असती तर मी दुसऱ्या पानावरच पुस्तक मिटून शब्दकोडं सोडवायला घेतलं असतं आणि पुढचं काही घडलं नसतं.

पण ती आहेच तशी. अधिकचं चिन्ह काढा, झाला क. गोल काढा, झाला ठ. त्याच गोलात टिंब द्या, झाला थ. चौकोन म्हणजे ब. उभी काठी आणि तिच्या पायाशी आडवी पट्टी म्हणजे न. दोन तिरक्या रेघा वर एकमेकींना टेकवल्या की ग. तीन टिंबं म्हणजे इ, त्रिकोण म्हणजे ए. काना द्यायचा तर अक्षराच्या डोक्याशी उजवीकडे छोटी आडवी रेघ. शिरोरेघ नाही, वेलांट्यांचे फुलोरे नाहीत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकानं आपले लेख दगडांवर कोरून घेतले ते या अक्षरांत. छिन्नी धरणाऱ्याला सोपं जावं असा विचार कुणीतरी केलेला दिसतो. पुढे तेवीसशे वर्षांनी एक निवृत्त कारकून फ्रिजवर तक्ता चिकटवून तीच अक्षरं गिरवील, हा विचार कुणी केला नव्हता.

मी अंकुशनगरला राहतो. जालना जिल्हा, अंबड तालुका, साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. हंगामात इथे हवेलासुद्धा मळीचा वास असतो आणि रस्त्यावर माणसापेक्षा ट्रॉलीला मान असतो. माझी उभी नोकरी उसाच्या चिठ्ठ्या-पावत्या लिहिण्यात गेली. कुणाचा ऊस, कोणता गट, कोणती टोळी, किती खेपा. निवृत्त झालो तेव्हा लोकांनी श्रीफळ दिलं आणि आता वाचन वाढवा असं सांगितलं. ते मी मनावर घेतलं. गौरीशंकर हिराचंद ओझा यांची ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ हाती लागली. पहिली आवृत्ती १८९४ ची, वाढवलेली १९१८ ची. त्यातले तक्ते पाहिले आणि वाटलं, हे तर आपल्याला जमतंय. आयुष्यात फार थोड्या गोष्टी बघताक्षणी जमल्यासारख्या वाटल्या, म्हणून हुरळून गेलो.

त्यानंतर मला जिकडेतिकडे ब्राह्मी दिसू लागली. दवाखान्याच्या पाटीवर क. रिक्षाच्या चाकात ठ. वायरमननं खांबावर काढलेल्या खुणेत न. बायकोनं वाणसामानाची यादी मागितली तर ती मी ब्राह्मीत लिहून दिली. दुकानदारानं ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि घरी फोन करून विचारलं, “वहिनी, काकांची तब्येत बरीय ना?”

पाडव्याला मी एक पाऊल पुढे गेलो. पहाटे उठून कॉलनीतल्या प्रत्येकाच्या फाटकाच्या खांबावर खडूनं त्याचं नाव ब्राह्मीत लिहून ठेवलं. विचार असा की लोक विचारतील हे काय, मग मी सांगेन, मग एखादा छोटासा वर्ग सुरू होईल. संध्याकाळी ग्रुपवर निरोप फिरला: चोरांच्या टोळीनं घरांवर खुणा करून ठेवल्यात, सावध राहा. निरोपात खुणा रक्तासारख्या लाल होत्या. माझा खडू पांढरा होता, त्यामुळे मला शंकाच आली नाही. मीही गस्तीला नाव दिलं. काठी, शिट्टी, बॅटरी घेऊन रात्री निघालो, आणि पहिल्याच खांबावर बॅटरीचा झोत मारला तेव्हा माझंच अक्षर माझ्याकडे पाहत होतं. बाकीचे मंदिराच्या पारावर चहा पीत होते तेवढ्यात मी ओलं फडकं फिरवून सगळी कॉलनी निर्लेप केली. गस्तीच्या धाकानंच चोर खुणा पुसून पळाले, असं सकाळी ठरलं. माझ्या नावाचाही त्यात गौरवानं उल्लेख झाला. तिथे थांबायला हवं होतं.

थांबलो नाही त्याला भूगोल कारण आहे. गोदावरी आमच्यापासून लांब नाही आणि नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. सातवाहनांनी आणि त्यांच्या प्रजेनं महाराष्ट्रातल्या डोंगरांवर जे लिहून ठेवलंय ते सगळं ब्राह्मीत. नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची यादी आहे. यादी इतकी लांब, की भारतातल्या अंकचिन्हांचा इतिहास लिहिणाऱ्याला नाणेघाट टाळता येत नाही. तिथे शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या लेकाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम नातवाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरवून ठेवलाय. आईनं मुलाचं केलेलं कौतुक दोन हजार वर्षं टिकलेलं आपल्याकडे एवढं एकच असावं.

मला मात्र सगळ्यांत जवळचं वाटलं ते कन्नड तालुक्यातलं पितळखोरं. तिथल्या चैत्याच्या खांबांवर दात्यांची नावं आहेत. एक खांब पैठणच्या मितदेवाचा. तो अत्तरं-सुगंधी विकणाऱ्या गांधिकांच्या घरातला. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांचा. शेजारच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचं दान. आणि तिथे सापडलेल्या बुटक्या, ढेरपोट्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर कोरलंय, की हा कण्हदास नावाच्या सोनारानं घडवला. राजे-महाराजे राहिले बाजूला, इथे अत्तरवाला, वैद्य आणि सोनार आपापलं नाव लिहून गेलेत. हे वाचून कुणालाही नम्रता आली असती. मला वाटलं, पैठणचं पाणी रोज वाहत आमच्याकडे येतं, तर एखादा शिलालेख का येऊ नये?

आला. पुतण्याचा फोन आला. “काका, बांध मोडताना जेसीबीला दगड लागलाय. त्याच्यावर तुमचं ते आहे.”

तुमचं ते! मी चपला घालायच्या आधीच मोटारसायकलवर बसलो. पिशवीत तक्ता, भिंग, ब्रश, पाण्याची बाटली आणि ज्वारीचं पीठ. पीठ लावून अक्षरं वाचू नयेत, दगडाला ते बाधतं, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं आठवायला डोकं जागेवर लागतं. लिंबाखाली दगड आडवा पडला होता. काळा, हातभर लांब, एका अंगाला गुळगुळीत. त्यावर मी माती झटकली आणि छातीत धडधडायला लागलं. अधिकचं चिन्ह. त्याच्याशेजारी उभी काठी, पायाशी पट्टी. मग गोल. मग दोन तिरक्या रेघा वर टेकलेल्या. आणि थोडं अंतर सोडून, एकाखाली एक, तीन आडव्या रेघा.

क. न. ठ. ग. आणि तीन.

आता ब्राह्मीत एक, दोन, तीन हे आकडे आडव्या रेघांनीच लिहितात, त्यामुळे तीनबद्दल वाद नव्हता. उरलं ‘कन’. सातवाहनांमध्ये कण्ह नावाचा राजा होऊन गेला, अगदी सुरुवातीचा. नाशिकच्या एका लेण्याच्या लेखात त्याचं नाव आहे. त्याच्या महामात्रानं ते लेणं करवलं. मधला ‘ह’ झिजला असणार. दगड म्हटल्यावर काहीतरी झिजणारच. म्हणजे राजा कण्ह, राज्यवर्ष तिसरं. इसवी सनापूर्वीचा सातवाहन राजा, आमच्या पुतण्याच्या बांधावर!

“काका,” पुतण्या तक्त्यात डोकं घालून म्हणाला, “मग पुढं ‘ठग’ लिहिलंय का?”

मी त्याला समजावलं, की प्राकृतात शब्दांचे अर्थ असे वरवर काढायचे नसतात. ठ आणि ग ही कुठल्यातरी मोठ्या पदवीची अथवा व्यापारी श्रेणीची आद्याक्षरं असू शकतात. “म्हणजे शॉर्टफॉर्म?” तो म्हणाला. हो म्हणालो. सातवाहनांकडे शॉर्टफॉर्म होते, हा माझा त्या दिवसातला दुसरा शोध.

रीतसर काम करायचं म्हणून मी एका विद्यापीठातल्या जाणकारांना फोटो पाठवला. त्यांनी सभ्यपणे कळवलं, ठसा घेता आला तर पाठवा. ठसा घेण्याची रीत मला पुस्तकातून पाठ होती. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, जाड केसांच्या ब्रशनं थोपटून तो खाचांत उतरवायचा, वाळत आला की वरून शाई टिपायची. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळं होतं. कागद खास लागतो. मी दुकानातून पतंगाचा आणला. ब्रश बुटांचा होता आणि शाई म्हणून बुटांचंच पॉलिश, कारण दोन्ही एकाच खोक्यात होतं. पहिला कागद थोपटताना फाटला. दुसरा वाऱ्यानं उडून विहिरीत गेला. तिसऱ्यावर ठसा उठला, पण तो दगडाचा नव्हता, माझ्या पंजाचा होता. पंजा मात्र स्वच्छ आला, नशिबाची रेघसुद्धा वाचता येत होती. शेवटी मोबाईलवर फोटो काढला तोच पुन्हा पाठवला. उत्तर आलं: आपला उत्साह स्तुत्य आहे.

विद्वानांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ते वाक्य ठळक करून ग्रुपवर टाकलं.

मग व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी दगडाला हार होता. तिसऱ्या दिवशी शेंदूर. कुणीतरी नारळ फोडून पाहिला आणि म्हशीनं दूध दिल्याचं कळवलं. माझा सत्कार ठरला. लिंबाखाली मांडव, सतरंज्या, बॅटरीवरचा माइक. मला शाल मिळाली आणि “दोन शब्द” बोलायला सांगितलं. ज्याला निवृत्तीनंतर घरात दोन शब्द बोलायला मिळत नाहीत, त्याला माइक देताना लोकांनी विचार करायला हवा.

मी जेम्स प्रिन्सेपपासून सुरुवात केली. हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला माणूस, नाण्यांतल्या धातूचा कस तपासणारा. म्हणजे मुळात आमच्याच पंगतीतला, वजनकाट्यावरचा. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांच्या नकला त्याच्याकडे आल्या. बहुतेक सगळे त्याच दोन अक्षरांवर संपत होते. प्रिन्सेपनं विचार केला, देवस्थानाच्या दगडावर माणूस काय लिहील? अमक्यानं हे दिलं, एवढंच. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरही लिहितात. म्हणजे शेवटची दोन अक्षरं ‘दानं’ असणार. द सापडला, न सापडला. त्याआधी वारंवार येणारं अक्षर म्हणजे ‘चा-ची-चे’ दाखवणारा ‘स’. लासेन नावाच्या पंडितानं १८३६ साली एका ग्रीक राजाच्या नाण्यावरचं नाव वाचून दार किलकिलं केलं होतं. १८३७ मध्ये प्रिन्सेपनं ते सताड उघडलं. मग दिल्लीच्या स्तंभावरचा ‘देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा’ बोलू लागला, आणि हा प्रियदर्शी म्हणजे अशोक, हे सिंहलमधल्या टर्नरनं तिथल्या पाली ग्रंथांवरून दाखवलं. तीन वर्षांनी प्रिन्सेप वारला. चाळीस वर्षांचा होता.

इथे मी आवंढा गिळला आणि माझं वय किती वाढलं तरी मी अजून कसा कार्यरत आहे, हे सांगायला घेणार, एवढ्यात सतरंजीच्या कडेला हालचाल झाली.

हंगाम चालू होता. शेजारच्या फडात बीडकडची टोळी उतरली होती आणि त्यांच्या कोप्या लिंबाच्या पलीकडेच होत्या. त्यातली एक म्हातारी, डोक्यावर वाढ्यांचा भारा तसाच धरून, दगडाकडे बघत उभी होती. मुलाच्या टोळीबरोबर आली होती. भारा तिनं खाली टाकला, पुढे आली, पदरानं शेंदूर पुसला आणि म्हणाली,

“आवो सायेब, हे तर महे मालक कोरून गेलेत.”

मांडवात हशा पिकला. मी हात वर करून लोकांना शांत केलं आणि प्रेमळ आवाजात तिला सांगितलं, की आजी, हे फार जुनं आहे.

“जुनंच हाय की. महा थोरला झाला त्या साली.”

तिचा नवरा मुकादम होता. अक्षरओळख नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, त्यामुळे हाताला छिन्नीची सवय. टोळीचा हिशेब तो खुणांनी ठेवायचा. एरवी कोळशानं कोपीच्या फळीवर, पण त्या हंगामात उचलीवरून भांडण लागलं, अवकाळी पावसानं फळी धुऊन निघाली, तेव्हा तो चिडला आणि एका आठवड्याचा हिशेब कोयते घासायच्या दगडावरच कोरून टाकला. आता पुसा म्हणावं. दगडाचं एक अंग गुळगुळीत का होतं, ते तेव्हा मला कळलं.

आणि मग तिनं तो लेख वाचला. बोट ठेवून, न अडखळता. अधिकचं चिन्ह म्हणजे पुरा कोयता, नवरा-बायको दोघं कामावर. उभी काठी आणि खाली पट्टी म्हणजे बैल बसला, गाडी गेली नाही. गोल म्हणजे खाडा. दोन तिरक्या रेघा म्हणजे कोपी, बाई आत आहे.

“आत म्हंजे?” पुतण्यानं विचारलं.

“आत म्हंजे मी. बाळंत झाले व्हते ना.”

आणि तीन आडव्या रेघा? तीन खेपा. माझ्या सगळ्या वाचनात तेवढा एक आकडा बरोबर निघाला.

मी खुर्चीतल्या खुर्चीत आकसत होतो, पण शाल मोठी होती, लपायला जागा होती. तेवढ्यात माइकवाल्या पोरानं, त्याचं भलं होवो, आजीपुढे माइक धरून विचारलं, “पण आजी, पावत्या मिळायच्या ना? मग दगडावर कामून कोरायचं?”

“मिळायच्या की रं. पर त्या सालचा चिठ्ठीवाला सायेब असा काय लिहायचा, की शाळा शिकलेल्यालाबी लागंना. तीन का आठ, काई कळंना. त्याच्यावरनंच तर भांडण झालं.”

त्या साली, त्या गटात, चिठ्ठ्या मी लिहीत होतो.

हे मी मांडवात सांगितलं नाही. इथे सांगतोय. पुतण्याला मात्र कळलं, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग घाईघाईनं चहा आला का ते बघायला गेला. तो फाटक्या अक्षराचा वारसा त्याच्याकडेही आहे.

घरी आल्यावर बायको काही बोलली नाही. फक्त फ्रिजवरचा तक्ता काढून तिथे दूधवाल्याचं कॅलेंडर लावलं. मी ओझांचं पुस्तक पुन्हा उघडलं. धीर मिळेल असं काही त्यात आहे का, हे शोधत होतो आणि तसं ते सापडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस आमच्याच भागातल्या वेरूळच्या काही छोट्या लेखांच्या नकला पुण्याचा रेसिडेंट मॅलेट यानं सर विल्यम जोन्सकडे पाठवल्या. जोन्सनं त्या काशीला विल्फर्डकडे दिल्या. विल्फर्डला तिथे एक पंडित भेटला. त्याच्याकडे म्हणे प्राचीन लिप्यांची किल्ली असलेली पोथी होती. पंडितानं पोथी बघून झरझर वाचून दाखवलं, की हे तर पांडवांच्या वनवासातले लेख. विल्फर्ड खूश, आणि काही काळ विद्वानांचा त्यावर विश्वासही बसला. दगडाला न बोललेलं बोलायला लावणारा मी पहिला नव्हे, हे वाचून मला रात्री झोप लागली. त्याच्याही आधी फिरोजशहा तुघलकानं टोपऱ्याचा अशोकस्तंभ मोठ्या खटाटोपानं दिल्लीला आणला, पण त्यावरचा लेख त्याच्या पदरच्या पंडितांना लागला नाही. आणि सतराव्या शतकात टॉम कोरियट नावाच्या इंग्रज प्रवाशानं तो पाहून ही ग्रीक अक्षरं, अलेक्झांडरनं कोरवलेली, असं खुशाल ठोकून दिलं. त्याला अलेक्झांडर दिसला, मला कण्ह. आपल्याला जो राजा माहीत असतो तोच दगडात दिसतो.

झोप लागली खरी, पण एक प्रश्न राहिलाच. त्या मुकादमाला ब्राह्मी कुणी शिकवली? कुणीच नाही. मग त्याच्या खुणा अशोकाच्या अक्षरांसारख्या कशा निघाल्या? दगडावर छिन्नीनं माणूस दुसरं काढणार तरी काय, हे त्याचं साधं उत्तर. सरळ रेघ, फुली, गोल. पण ब्राह्मीचा उगम कुठला, यावर विद्वानांचं अजून जे भांडण चाललंय ते याच्याच आसपास फिरतं. ब्यूलर म्हणाला, पश्चिमेकडच्या सेमिटिक लिपीतून व्यापाऱ्यांनी आणलेली अक्षरं पंडितांनी घासूनपुसून घेतली. कनिंगहॅम म्हणाला, छे, इथल्याच वस्तूंच्या चित्रांवरून झाली. कुणी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांकडे बोट दाखवतं, कुणी महापाषाणयुगीन खापरांवरच्या खुणांकडे, ब. ब. लाल यांनी १९६० साली त्या खुणांची हडप्पाच्या चिन्हांशी तुलना केली होती. मेगॅस्थेनिस म्हणे, हिंदी लोकांना लिहिणं ठाऊक नाही. त्याच्या थोडा आधी आलेला निआर्कस म्हणतो, कापडावर पत्रं लिहितात. श्रीलंकेत अनुराधपूरला अशोकाच्या आधीची मानली जाणारी ब्राह्मी अक्षरं सापडली ती खापरांवर. कुणाचं तरी भांडं, कुणाची तरी मालकी.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, आणि लिंबाखालच्या प्रकरणानंतर विचारण्याची शक्यताही कमी आहे, पण तरी सांगतो. तक्ता बाहेरून आला असो की इथलाच असो, स्वर-व्यंजनांची ती मांडणी, काना-मात्रेची ती युक्ती उच्चारशास्त्र कोळून प्यालेल्या माणसांचीच आहे. तिथे मुकादमाचं काम नाही. पण ती लिपी गावोगाव गेली, लेण्यांपर्यंत पोचली, ती अत्तरवाल्याच्या आणि सोनाराच्या हातून. माझा खांब, माझं दान, माझ्या तीन खेपा. ज्याला हिशेब टिकवायचाय तो लिहितो. ज्याला पगार ठरलेला असतो तो माझ्यासारखं लिहितो.

कारण अक्षराचा पुढचा सगळा प्रवास हा हात सैल होत जाण्याचा आहे. छिन्नी गेली, लेखणी आली. लेखणी टेकताना अक्षराच्या डोक्यावर शाईचा ठिपका पडायचा, त्याचा पाचर झाला, पाचर पसरून शिरोरेघ झाली. अधिकच्या चिन्हाचा बुडखा डावीकडे वळला, वर चढून देठाला मिळाला, उजवा हात खाली झुकला आणि आपला क झाला. गुप्तकाळात एक वळण, मग सिद्धमातृका, मग नागरी. राष्ट्रकूट-यादवांच्या लेखांपर्यंत ती ओळखीची वाटायला लागते. दक्षिणेत ताडपत्रावर लिहिताना तीच अक्षरं गोल झाली, म्हणून तेलुगू-कन्नड लिप्या आपल्या सख्ख्या बहिणी असून ओळखू येत नाहीत. आमच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास; त्यांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास घातलाय, अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं कसं काढावं, ओळी कशा राखाव्यात, शाई-कागद कसा असावा. एवढा उपदेश हाकेच्या अंतरावरून झालेला. अशोकापासून निघालेलं अक्षर सुधारत, सुधारत माझ्यापर्यंत आलं आणि तिथे त्याचे तीन आठसारखे दिसू लागले.

बरं, लिपी शिकायचीच होती तर मोडी तरी शिकायची. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तहसिलांमधली मोडी आणि उर्दू दप्तरं बाहेर निघाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला दारी गाडी येत होती. मी त्या वेळी सातवाहनांत होतो. घरी आजोबांच्या मोडी कागदांचं बोचकं आहे. ते मी अजून सोडलेलं नाही. ते वाचता आलं असतं तर बांधाचा वाद मिटला असता, असं पुतण्या अधूनमधून सुचवतो.

दगडाचं म्हणाल तर तो तिथेच आहे. शेंदूर पुन्हा लागलाय. लोकांना कण्ह राजाचं तसंही काही नव्हतं. म्हशीचं दूध चालू आहे, एवढं त्यांना पुरे. शाल कुणी परत मागितली नाही, पण सत्काराचा फोटो ग्रुपवरून गेला. आजीची टोळी हंगाम संपल्यावर गेली. जायच्या आधी मी तिला भेटून ती चिठ्ठी लिहिणारा मीच, असं सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “मंग ते तीन व्हते का आठ?” मी म्हणालो, तीन. “महे मालक तेच म्हणत व्हते,” म्हणाली आणि कोपीचं साहित्य ट्रॉलीत चढवायला लागली.

तर वाचकहो, बांध मोडताना, विहीर उपसताना खुणा असलेला दगड निघाला तर त्यावर पीठ लावू नका, चुना फासू नका, शेंदूर तर नकोच. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. त्याही आधी शिवारातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. इतकं करूनही मलाच विचारायचं असेल तर फोन करू नका, लेखी विचारा. फक्त अक्षर सुवाच्य काढा.